राजीनामा दिला नाही म्हणजे देवाची आज्ञा मोडली का?

सलाम भाऊ. तुमचा प्रश्न मोठा आहे, म्हणून बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहात, घराचा हप्ता चालू आहे, मुलगी पहिलीत, आई तुमच्याकडेच असते आणि तिला रोज इन्सुलिन लागतं. डिसेंबरमधल्या कन्व्हेन्शनला, म्हणजे ख्रिस्ती मेळाव्याला, बाहेरून आलेल्या एका प्रवचनकारांनी पूर्णवेळ सेवेचं आवाहन केलं, तुम्ही उभे राहिलात, त्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि आता ते फोन करून म्हणतायत की ईस्टरच्या आत राजीनामा द्या, हिशोब करतो तो विश्वास नव्हे, उशीर म्हणजे आज्ञाभंग, योनासारखं करू नका. बायको म्हणते मला हे पटत नाही. आणि तुम्ही विचारताय की अब्राहाम कुठं जायचं ते माहीत नसताना निघाला, मग मी इतका विचार करतोय म्हणजे माझा विश्वास कमी पडतोय का.

उत्तर आधी देतो, कारणं मग. तुम्ही जेवढं लिहिलंय तेवढ्यावरून तरी तुम्ही कुठलीही आज्ञा मोडलेली नाही. पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, खोटं आहे असं मी म्हणत नाही, ते खरंही असेल, पण ईस्टरची तारीख देवाने दिलेली दिसत नाही, ती एका माणसाने दिलीय. मी बरीच वर्षं पाळक म्हणून काढलीत, आधी नगर जिल्ह्यात खेड्यांवर आणि नंतर पुण्यात, आणि "विश्वासाने पाऊल टाकलं" म्हणून नोकरी सोडलेली माणसं दोन्ही प्रकारची बघितलीत, टिकलेली पण आणि दोन वर्षांनी बायकोच्या माहेरी राहायला गेलेली पण.

आता अब्राहामाचंच घ्या, कारण सगळेजण तोच दाखला देतात आणि अर्धाच देतात. बायबलमधला उत्पत्ती १२ हा अध्याय शांतपणे पुन्हा वाचा. कुठं जायचं ते त्याला माहीत नव्हतं हे खरं, इब्री ११ मध्ये तसं लिहिलंच आहे, पण निघायचं आहे हे त्याला स्पष्ट सांगितलं होतं, आपला देश सोड, आपले नातलग सोड, बापाचं घर सोड. म्हणजे तो अंधारात उडी मारत नव्हता, ऐकलेल्या शब्दावर चालत होता. पंचाहत्तर वर्षांचा होता, आणि निघाला तो हात हलवत नाही निघाला, बायकोला, सारायला घेतलं, पुतण्याला, लोटाला घेतलं, हारानमध्ये मिळवलेली मालमत्ता घेतली, माणसं घेतली. हे सगळं त्याच वचनात आहे पण कन्व्हेन्शनला हे कोणी वाचून दाखवत नाही!

बरं, त्याच अध्यायात पुढे काय होतं? दुष्काळ पडतो. आज्ञा पाळून योग्य जागी पोचलेल्या माणसाला तिथं खायला नाही, तो मिसरला जातो आणि घाबरून बायकोला बहीण म्हणून सांगतो. म्हणजे पाऊल विश्वासाचं असलं तरी पुढचा महिना सुखाचा जाईल अशी गॅरंटी नाही आणि पाऊल टाकणारा माणूस पुढच्या वळणावर घसरणार नाही अशीही नाही. आणि अजून एक, घाईचं. वचन मिळालं होतं की वंश होईल, वचन खरं होतं, पण वाट बघवेना म्हणून सारायच्या दासीपासून, हागारेपासून, मूल व्हायचा मार्ग काढला, इश्माएल झाला तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा, इसहाक झाला तेव्हा १००. मधल्या काळात त्या घरात काय काय झालं आणि त्या हागार बिचारीला काय भोगावं लागलं ते वाचा. देवाने सांगितलेलंच काम, पण आपल्या तारखेला करायचं म्हटलं की त्याची किंमत बहुतेक वेळा घरातलं सगळ्यात कमजोर माणूस भरतं. तुमच्या घरात ते कोण आहे तुम्हाला माहीतच आहे.

उडी म्हटलं म्हणून आठवलं. मत्तय ४ मध्ये सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागावर नेतो आणि खाली उडी टाक म्हणतो, आणि वर वचन पण देतो, स्तोत्र ९१ चं, देवदूत तुला झेलतील म्हणून. वचन खरंच आहे, पवित्र शास्त्रातलंच आहे. येशू काय म्हणाला? परमेश्वर तुझा देव ह्याची परीक्षा पाहू नको. देवाने न सांगितलेल्या ठिकाणी उडी मारून त्याला झेलायला लावायचं, ह्याला शास्त्रात विश्वास हा शब्द नाही.

मग विश्वास आणि आज्ञापालन कसं दिसतं, तर मला विचाराल तर मी लूक ५ वर बोट ठेवीन. पेत्र. आपण नेहमी शेवट सांगतो की त्याने सगळं सोडलं आणि येशूच्या मागे गेला. पण त्या अध्यायातला क्रम बघा ना. आधी येशू त्याच्याकडे फक्त होडी मागतो, किनाऱ्यापासून जरा लोट, मला बोलायचंय. रात्रभर मासेमारी करून रिकाम्या हाताने परत आलेला, जाळी धूत बसलेला माणूस, त्याने होडी दिली. मग येशू म्हणतो खोल पाण्यात ने आणि जाळी टाक, म्हणजे आता त्याच्या धंद्यात बोट घातलं, मासे कधी आणि कुठं मिळतात हे पेत्राला शिकवायची गरज नव्हती. तो म्हणतो सारी रात्र कष्ट केले, काही मिळालं नाही, "तरी आपल्या सांगण्यावरून मी जाळी सोडतो." आणि ह्यानंतर, अगदी शेवटी, सगळं सोडणं येतं. पहिल्या दोन आज्ञा त्याच्या नोकरीच्या जागेवरच होत्या. आपल्याला थेट तिसऱ्या पायरीवर उभं राहायचं असतं कारण तिथं साक्ष चांगली होते, स्टेजवर बोलावतात. होडी उसनी दिली ह्याची साक्ष कोण ऐकणार.

म्हणून मी लोकांना हाच प्रश्न विचारतो आणि तुम्हालाही विचारतो, पुढचं काय ते राहू दे, जे ऑलरेडी सांगितलंय त्याचं काय झालं? तुम्ही क्वालिटीला आहात. लॉट रिजेक्ट करायचा असतो आणि वरून फोन येतो की सोडून दे, तेव्हा सही कोणाची असते? गावाकडच्या जमिनीत बहिणीचा हिस्सा आहे, तिची सही हक्कसोड पत्रावर कशी घेतली गेली? लग्नात हुंडा नाही म्हणून "भेट" म्हणून काय काय आलं? मी तुमच्यावर आरोप करत नाही, मला तुमचं काही माहीत नाही, पण आपल्या ख्रिस्ती घरांमध्ये हे चालतं हे मला चांगलं माहीत आहे आणि ह्या बाबतीत देवाची इच्छा काय आहे हे शोधायला चाळीस दिवस उपवास करावा लागत नाही.

शौल राजाचं पण हेच झालं. १ शमुवेल १५. अमालेकी लोकांचं काहीच राखू नको असं सांगितलं होतं, त्यातलं बरंचसं केलं, पण त्यांच्या राजाला, अगागाला जिवंत ठेवलं आणि उत्तम उत्तम मेंढरं आणि गुरं राखली, आणि कारण काय दिलं तर देवाला यज्ञ करायला! शमुवेल म्हणतो मग हा मेंढरांचा आवाज कसला येतोय. आणि मग ते प्रसिद्ध वाक्य, "यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे." मला नेहमी वाटतं की धार्मिक माणसाला आज्ञा मोडायला सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे त्याहून मोठं काहीतरी देवाला देऊ करणं.

एक माणूस सांगतो, नाव नाही सांगत. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एकजण रस्त्याच्या कंत्राटदाराकडे सुपरवायझर होता. कामावर सव्वीस मजूर, मस्टरवर चाळीस नावं लावायची आणि बिल काढायचं, असं वरून ठरलेलं, आणि ह्याआधी तो लावतही होता. एका रविवारी जक्कयवर, लुबाडलेलं चौपट परत देतो म्हणणाऱ्या त्या जकातदारावर, साधंच प्रवचन झालं, काही विशेष नाही, कोणी रडलं वगैरे नाही. सोमवारी ह्याने सव्वीस नावं लिहिली, सव्विसाव्याच्या खाली फूटपट्टी ठेवून लाल पेनाने आडवी रेघ मारली म्हणजे नंतर कोणाला मध्ये घुसवता येऊ नये, आणि रेघेच्या खाली सही केली. मालकाने पान फाडायला सांगितलं, ह्याने फाडलं नाही. पंधरवडा संपायच्या आत काढून टाकलं, राहिलेला पगार पण दिला नाही. आता तुम्हाला वाटेल की पुढच्या महिन्यात त्याला दुप्पट पगाराची नोकरी लागली. नाही लागली. मार्केट यार्डात भाजीचा टेम्पो चालवला, पहाटे तीनला उठून. पोरीची फी थकली, मंडळीने थोडंफार किराण्याचं बघितलं, तेही पुरेसं नव्हतं. बायको त्याच्यावर चिडलेली असायची आणि मला तिचंही खोटं वाटत नव्हतं. तो आजपर्यंत ह्याची साक्ष द्यायला उभा राहिलेला नाही, कारण सांगण्यासारखा शेवटच नाही म्हणतो. मला विचाराल तर विश्वासाने चालणं म्हणजे काय हे मी त्या लाल रेघेत जितकं बघितलं तितकं कन्व्हेन्शनच्या मंडपात बघितलेलं नाही. दानीएल ३ मधले ते तिघे, मूर्तीपुढे वाकले नाहीत तर भट्टीत टाकू अशी धमकी मिळालेले, राजाला म्हणतात की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि लगेच पुढे, तसं न झालं तरी आम्ही वाकणार नाही. आपण पहिला भाग फ्रेम करून भिंतीवर लावतो.

आता हिशोबाचं. "हिशोब करतो तो विश्वास नव्हे" हे वाक्य ऐकायला जोरदार आहे पण येशूच्या तोंडात ते नाही, उलट लूक १४ मध्ये शिष्य होण्याबद्दलच बोलताना तो म्हणतो की बुरूज बांधायचा असेल तर आधी बसून खर्चाचा अंदाज कोण करत नाही, पाया घालून काम अर्धवट राहिलं तर लोक हसतील. बसून, असा शब्द आहे तिथं. तेव्हा तुम्ही एक्सेल शीट उघडून हप्ता, शाळेची फी, आईची औषधं मांडलीत ह्याची लाज वाटून घेऊ नका.

आणि आईचं तर फारच स्पष्ट आहे. मार्क ७ काढा. परुशी, म्हणजे नियमशास्त्र कडक पाळणारे यहुदी, ह्या लोकांनी पळवाट काढली होती की आईबापाला द्यायचं ते "कुर्बान" आहे, देवाला अर्पण केलंय, असं म्हटलं की झालं, आता आईबापाला काही द्यायची गरज नाही. येशू त्यांच्यावर कडाडला की तुम्ही देवाचं वचन रद्द करता. लक्षात घ्या, पैसा देवाच्या नावानेच चालला होता, तरीही! पौलाने तर १ तीमथ्य ५ मध्ये लिहिलंय की जो स्वतःच्या घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे, तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट. इन्सुलिनची सोय न करता दिलेला राजीनामा मला तरी ह्या दोन उताऱ्यांच्या पलीकडे नेता येत नाही. तुमचे प्रवचनकार म्हणतील की "जो आईबापावर माझ्यापेक्षा अधिक प्रीती करतो" असं मत्तय १० मध्ये आहे. आहे, पण त्या अध्यायातला तो भाग छळाचा आहे, ख्रिस्ताला माणसांसमोर कबूल करायचं की नाकारायचं ह्याचा, तिथं पगाराचा विषय नाहीये.

आपल्याकडे विश्वासाने चालण्याचा दाखला म्हणून पंडिता रमाबाईंचं नाव घेतलं जातं आणि ते बरोबरच आहे, पण केडगावच्या मुक्ती मिशनची गोष्ट आपण फार हवेत सांगतो, बाई प्रार्थना करायच्या आणि धान्याची पोती यायची, अशी. प्रार्थना करायच्याच, आणि कित्येकदा तिजोरीत काही नसायचं हेही खरं, पण बाकीचं बघा. १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू केलं ते अमेरिकेत फिरून, लोकांना समजावून, दहा वर्षं मदत देणारी संस्था उभी करून. ती दहा वर्षं संपत आली त्याच्या आधीच केडगावला जमीन घेतली, विहिरी खोदल्या, फळझाडं लावली, म्हणजे संस्था स्वतःच्या पायावर उभी राहावी. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून उपाशी मुली, विधवा घेऊन आल्या, शेकडो, आणि त्यांना नुसतं वाढून ठेवलं नाही, विणकाम, शेती, छपाई शिकवली. त्यांनी स्वतः लहानपणी दुष्काळात आई, वडील, बहीण गमावलेली होती, त्यामुळे समोर काय आहे हे त्यांना कोणी समजावून सांगायला लागलं नाही. बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडमधला, पण तारण म्हणजे काय हे आपल्याला मनापासून कळलं ते बऱ्याच वर्षांनी असं त्यांनी स्वतःच सांगितलंय, आणि तोपर्यंत जेवढं कळलं होतं तेवढ्यावर त्या काम करत राहिल्या. मग शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर, खिळे जुळवायला आणि छापायला मुक्तीतल्याच बायका. १९२१ ला एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, काम चालूच, ५ एप्रिल १९२२ ला स्वतः गेल्या. ह्यात घाई कुठंच दिसत नाही मला.

बायकोच्या बाबतीत मात्र रेव्हरंड टिळकांकडे बघा. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. लक्ष्मीबाई तेव्हा तयार नव्हत्या, दोघं काही वर्षं वेगळी राहिली, त्या बाईने जे सोसलं ते त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय आणि अर्ध्या महाराष्ट्राने ते वाचलंय. पुढे त्या परत आल्या आणि नंतर स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेळी विश्वासात आल्या. आपल्या मंडळीत ही गोष्ट "बघा, शेवटी बायको आलीच" अशी सांगतात, ते मला कधीच आवडलं नाही. टिळकांचा प्रसंग ख्रिस्ताला स्वीकारायचं की नाही असा होता, त्याला पर्याय नव्हता. तुमचा प्रसंग तो नाही. तुमची बायको ख्रिस्ताला नाही म्हणत नाहीये, ती एका तारखेला नाही म्हणतेय, आणि ती पण त्याच प्रभूची आहे, तिच्याशी तो बोलणारच नाही असं कशावरून? आणि हेही बघा की टिळकांनी नगरला मिशनमध्ये पगारावर वीसेक वर्षं काम केलं, रविवारी आपण गातो त्यातली त्यांची बरीचशी गीतं त्याच काळातली, आणि मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला "देवाचा दरबार" हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला तो १९१७ ला, वयाच्या छप्पनाव्या वर्षी. दोन वर्षांत ते गेले. पगार घेत होते तेव्हा आज्ञेत नव्हते असं कोणी म्हणेल का?

तुम्ही वॉचनाईटच्या, म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वचनाची चिठ्ठी उचलतात त्या चिठ्ठीचं पण लिहिलंय, यशया ४३ चं वचन निघालं, "पाहा, मी एक नवी गोष्ट करतो." चिठ्ठ्या आम्ही पण वाटतो, पोरांना आवडतं, वचन पाठ होतं, पण त्या चिठ्ठ्या आम्हीच दुकानातून आणतो, शंभराचं पाकीट, आणि हे वचन बाबेलच्या बंदिवासातल्या लोकांना दिलेलं आहे. गिदोनाने देवाकडे खूण मागायला ठेवलेल्या लोकरीचंही तसंच, त्याला आज्ञा आधीच मिळाली होती, लोकर हा त्याचा धीर सुटल्याचा भाग होता, देवाने सांभाळून घेतलं एवढंच.

आता करायचं काय. प्रेषितांची कृत्ये १३ मध्ये बर्णबा आणि शौल (हा राजा नव्हे, पुढचा पौल) निघाले ते अंत्युखियाच्या मंडळीतून, तिथं ते आधीपासून शिकवत होते, मंडळी उपास आणि उपासना करत असताना पवित्र आत्मा बोलला आणि मंडळीने हात ठेवून पाठवलं. तुम्हाला कोण पाठवतंय? तुमच्या पाळकांना, पंचांना हे माहीत तरी आहे का? नसेल तर पहिलं काम ते. दुसरं, त्या प्रवचनकारांना सरळ विचारा की तुमची संस्था नोंदणीकृत आहे का, हिशोब ऑडिट होतो का, माझं मानधन किती आणि ते कोण देणार. खऱ्या सेवकाला ह्या प्रश्नाचा राग येत नाही. मग रविवार शाळेचा एक वर्ग घ्या, माईकशिवाय, सहा-सात पोरं, त्यातली दोन मारामारी करणारी, आणि शनिवारी एखाद्या आजाऱ्याच्या घरी जा जिथून मंडळीला वर्गणी येत नाही. वर्षभर हे करून अजून ओढ तेवढीच राहिली, वाढली, तर माझ्या अनुभवात ते पाचारण असण्याची शक्यता मोठी. पौल करिंथला अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाबरोबर तंबू शिवायचा आणि शब्बाथाला सभास्थानात बोलायचा, ते काही कमी दर्जाचं नव्हतं. शिकायचं असेल तर बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहेच, तिथं नोकरी सांभाळून काय करता येतं ते जाऊन विचारा.

आणि उलट्या बाजूने पण सांगतो नाहीतर तुम्ही माझं पत्र बायकोला दाखवून विषय मिटवाल. मंडळीने ओळखलं, बायकोचं मन वळलं, आईची सोय लागली, आणि तरी तुम्ही म्हणालात की आता जरा कर्ज फिटू दे, मग पोरीची दहावी, मग रिटायरमेंट, तर मग मात्र हिशोब हे निमित्त झालं असं समजा. मत्तय २१ मधला दुसरा मुलगा, बापाने मळ्यात कामाला जा म्हटल्यावर, "जातो महाराज" म्हणाला आणि गेलाच नाही, असे जातो म्हणणारे मंडळीत भरपूर आहेत, छान प्रार्थना करतात.

योनाचं राहिलंच. योनाला देवाने स्वतः सांगितलं होतं, ऊठ, निनवेला जा, आणि तो मुद्दाम उलट दिशेच्या जहाजात बसला. तुम्ही रोज सकाळी चाकणच्या बसमध्ये बसता ते पळून जाणं नाही. त्यांचा पुन्हा फोन आला तर सांगा की मी माझ्या मंडळीत विषय ठेवलाय, पाळकांशी बोला, आणि त्यांना पाळकांचा नंबर द्या. बहुतेक ते तिथं फोन करणार नाहीत, पण केला तर चांगलंच आहे. आणि बायकोशी बोलायला बसाल तेव्हा तिला पटवायचं म्हणून बसू नका, आधी तिला विचारा की तिला नेमकी कशाची भीती वाटते, आणि ती सांगेपर्यंत मध्ये वचन काढू नका.